गज धरायला शिकवायचं, त्यासाठी एवढ्या लांब?

प्रश्न : ताई, मी सत्तावीस वर्षांची आहे. घोडबंदर रोडला, कासारवडवलीत आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये व्हायोलिनचा क्लास घेते. गांधर्वची विशारद आहे, शिवाय पाश्चात्त्य पद्धतीची आठवी ग्रेडही झाली आहे. क्लासला चौदा मुलं येतात, त्यातली नऊ मुलं सहा वर्षांच्या आतली. मोठ्यांना शिकवताना काही अडत नाही, पण या लहानग्यांपुढे दहा मिनिटांत माझ्याजवळचं सगळं संपतं. कोणी व्हायोलिन वाजवायच्या गजाची तलवार करतं, कोणी टेबलाखाली जाऊन बसतं. परदेशी जाऊन सुझुकी पद्धतीचं, म्हणजे लहान मुलांना ऐकवून ऐकवून वाजवायला शिकवण्याचं, शिक्षक-प्रशिक्षण घ्यावं असं दोन वर्षांपासून मनात आहे. पैसे साठवलेत. पण घरचे म्हणतात, "चार वर्षांच्या पोरांना गज धरायला शिकवायचं, त्यासाठी एवढ्या लांब कशाला?" गुरुजीही नाराज आहेत. त्यांच्या मते ही निव्वळ पोपटपंची आहे. स्वरलिपी नाही, राग नाही, शंभर मुलं एकसारखी वाजवतात. मी जावं का?
– मृ., ठाणे

उत्तर : माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणते. जा. पण या वर्षी नको. का नको ते पुढे सांगते.

घरच्यांचा प्रश्न आधी घेते, कारण तो गैर नाही. गज धरायला शिकवणं ही एवढीशी गोष्ट आहे असंच कुणालाही वाटेल. मलाही वाटत होतं. १९९६ साली नौपाड्यात, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत तळमजल्याच्या एका खोलीत मी क्लास सुरू केला. पहिल्याच वर्षी पाच वर्षांचा एक मुलगा आला. वडिलांनी हौसेनं व्हायोलिन आणलं होतं, अर्ध्या मापाचं. शाळेचा गणवेश घेतात तसं वाढत्या अंगाचं. मी मापाकडे बघितलंच नाही. मला जसं शिकवलं गेलं तसं मी त्याला शिकवायला लागले : गज सरळ, मनगट सैल, करंगळी वाकलेली, सा लांब. त्याची करंगळी वाकेना. ती काडीसारखी ताठ व्हायची आणि तिच्या पाठोपाठ मनगट, कोपर, खांदा, मान. मी दर वेळी बोट वाकवून द्यायचे, तो दर वेळी ताठ करायचा. एक दिवस त्याच्या आईसमोर मी त्याला आळशी म्हटलं. त्यानंतर तो खोलीबाहेरच्या पायरीवर बसून राहायला लागला, चपला काढायचाच नाही. चौथ्या महिन्यात यायचा बंद झाला.

तो आळशी नव्हता. तो गज त्याच्या हाताला जड होता. त्याला १/८ मापाचं व्हायोलिन हवं होतं, त्याच्याबरोबरचा लहान गज हवा होता, आणि त्याच्याकडे नीट बघणारी बाई हवी होती. हे मला कळायला तेरा वर्षं लागली.

२००९च्या उन्हाळ्यात मी इंग्लंडला सुझुकी पद्धतीच्या एका प्रशिक्षणाला गेले, तीन आठवड्यांसाठी. विमान, फी, राहणं मिळून दोन लाख चाळीस हजार रुपये लागले, त्यासाठी मुदत ठेव मोडली. एका गावातल्या निवासी शाळेत आमची सोय होती. सकाळी आम्ही शिक्षक एकमेकांना शिकवायचो. दुपारी खरी मुलं यायची, आणि आम्ही भिंतीला पाठ लावून वही घेऊन बसायचो. निरीक्षण हा तिथला अर्धा अभ्यासक्रम असतो.

पहिल्या दुपारी चार वर्षांची एक मुलगी आली. आमच्या प्रशिक्षक बाई साठीच्या पुढच्या, त्या सरळ गालिच्यावर बसल्या. आधी दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला, धड्याची सुरुवात तिथे नेहमी तशीच होते. मग एक पुठ्ठा आला. त्यावर त्या मुलीच्याच पावलांच्या आकृत्या रंगीत खडूनं काढलेल्या होत्या. त्या पावलांत पावलं ठेवून उभं राहायचं. व्हायोलिन काखेत, मग खांद्यावर, मग परत काखेत. वीस मिनिटांत एकही सूर वाजला नाही. मी भराभर दोन पानं लिहिली : बाई काय बोलल्या, कुठल्या क्रमानं, आवाज कसा ठेवला. संध्याकाळी वही परत आली. बाईंनी समासात एकच प्रश्न लिहिला होता, की मुलीनं श्वास कधी रोखला?

मला माहीत नव्हतं. मी मुलीकडे बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फक्त मुलीकडे बघत बसले. तिच्या अंगठ्याला कुणी हात लावला की तिचा श्वास थांबायचा आणि जिभेचं टोक बाहेर यायचं. बाईंना ते केव्हाच दिसलं होतं, म्हणून त्या अंगठ्याला हातच लावत नव्हत्या. त्यांनी तिला एक शिसपेन्सिल दिली. पेन्सिल सशाच्या तोंडासारखी धरायची : मधली दोन बोटं म्हणजे दात, अंगठा वाकवून खालून, करंगळी वर बसलेली. ससा गवत खातो, ससा मान वळवतो. चौथ्या दिवशी पेन्सिलीच्या जागी गज आला आणि तो हात तसाच राहिला, मऊ.

दुसऱ्या आठवड्यात आम्हाला हात बदलायला लावले. व्हायोलिन उजव्या खांद्यावर, गज डाव्या हातात. एकवीस वर्षं वाजवत होते मी. गज तारेवर टेकवला आणि माझी करंगळी काडीसारखी ताठ झाली. मागून मनगट, कोपर, खांदा, मान. मला त्या पायरीवर बसलेल्या मुलाच्या चपला आठवल्या. त्या दिवशी मी जेवले नाही.

घरच्यांना हे सांग. गज कसा धरायचा हे तुला येतं. तो न येणाऱ्याच्या अंगात काय चालतं, हे शिकायला जायचं आहे. ते पुस्तकातून किंवा व्हिडिओतून येत नाही, कारण व्हिडिओत तुझ्या वहीवर कुणी प्रश्न लिहीत नाही.

आता गुरुजी. त्यांचा राग मी समजू शकते, पण या पद्धतीचा उगम त्यांना कळला तर तो थोडा निवळेल. शिनिची सुझुकी १८९८ साली नागोयात जन्मले, वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना होता. १९२०च्या दशकात ते बर्लिनमध्ये शिकले. परत आल्यावर, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, एक गृहस्थ चार वर्षांच्या मुलाला घेऊन आले आणि याला शिकवा म्हणाले. तो मुलगा म्हणजे पुढे नावारूपाला आलेले व्हायोलिनवादक तोशिया एतो. इतक्या लहान मुलाला शिकवायचं कसं, या विचारात असताना सुझुकींना एक साधी गोष्ट जाणवली : जपानमधलं प्रत्येक मूल जपानी बोलतं. व्याकरण न शिकता, परीक्षा न देता, आईचं ऐकून ऐकून. मग सूर तसा का येऊ नये? युद्धानंतर १९४६ साली मात्सुमोतोला त्यांनी हेच काम उभं केलं. आधी ऐकणं, मग वाजवणं, आणि वाचणं त्यानंतर. मूल बोलायला लागल्यावर आपण पाटी देतो ना, तसं. लिपी टाकून दिलेली नाही, मागे ठेवली आहे. गुरुजींना विचार, त्यांच्या गुरूंनी त्यांना पहिली बंदिश कागदावर दिली होती का? गुरुमुखी विद्येच्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही.

शंभर मुलं एकसारखी वाजवतात हे खरं आहे. टोकियोच्या मेळाव्यात तर शेकड्यांनी वाजवतात. पण आपल्या भजनी मंडळातही सगळे एकच अभंग म्हणतात, त्यानं कुणाचा गळा एकसारखा झालेला नाही. लहान मूल समूहात धीट होतं. आणि गुरूच्या घरी राहून शिकायची विद्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला शाळेच्या वर्गात आणली, त्याच वाटेनं तुझी विशारद आली आहे. हे गुरुजींना वाद घालायला म्हणून नको सांगू, बसून सांग.

त्यांचं एक म्हणणं मात्र मला पटतं. या पद्धतीत राग नाही, आणि गाणी परक्या घरातली आहेत. सुझुकींच्या पहिल्या पुस्तकाची सुरुवात 'ट्विंकल ट्विंकल'च्या चालीवरच्या वेगवेगळ्या लयींनी होते. त्यातली पहिली लय चार जलद आणि दोन सावकाश ठोक्यांची. त्या लयीवर इंग्रज शिक्षक इंग्रजी शब्द बसवतात. तिकडून आल्यावर मीही महिनाभर तेच शब्द म्हणत राहिले आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग एका सकाळी पाच वर्षांच्या एका मुलीनंच विचारलं, "बाई, कांदेपोहे खा खा चालेल?" कां-दे-पो-हे खा खा. चार आणि दोन, चोख. तेव्हापासून माझ्या क्लासमध्ये तेच आहे. मातृभाषेची पद्धत म्हणायची तर ती आपल्या मातृभाषेत हवी.

सुराचंही तसंच. व्हायोलिनच्या शेजारशेजारच्या दोन तारांत पंचमाचं अंतर असतं, म्हणजे कुठलीही जोडी घे, खालची सा, वरची प. आपल्या मुलांना तानपुऱ्यावर सा-प म्हणायला लावलं की त्यांचा कान दोन तारांत आपोआप बसतो. पंडित डी. के. दातार आणि एन. राजम यांचं वादन तू ऐकलंच असशील. व्हायोलिननं गळ्यासारखं गावं ही आपली गायकी अंगाची दृष्टी. ती घेऊन तिकडे जा. रिकाम्या हातानं गेलीस तर परत येताना फक्त त्यांचं घेऊन येशील.

या वर्षी नको म्हटलं त्याचं कारण असं की तुझी नऊ मुलं म्हणजे तुझं खरं पाठ्यपुस्तक आहे आणि ते तू अजून उघडलेलं नाहीस. नवातली तीन निवड. त्यांच्या आईला किंवा वडिलांना वर्षभर वर्गात बसव आणि तिघांचा धडा वेगवेगळा घे, पंधरा-वीस मिनिटांचा. प्रत्येक धड्यानंतर मुलानं काय केलं एवढंच लिही, तू काय केलंस ते नको. या वहीसकट गेलीस तर पहिल्या दिवसापासून तुझ्या डोळ्यांना दिसायला लागेल. मी तेरा वर्षांच्या चुका डोक्यात घेऊन गेले, पण कागदावर एकही ओळ नव्हती. दुसरं, तुझं स्वतःचं वादन घासून ठेव. बऱ्याच ठिकाणी आधी तुझ्या वादनाचं रेकॉर्डिंग मागतात, आणि तिथे उभं राहून पाश्चात्त्य ढबीनं वाजवावं लागतं. मांडी घालून वाजवायची सवय खांद्याला वेगळं वळण लावते.

एकदा जाऊन आलं की झालं, असंही समजू नकोस. व्हायोलिनची दहा पुस्तकं आहेत आणि प्रशिक्षण पुस्तकाच्या क्रमानं चालतं. युरोपात पाच टप्पे आहेत, प्रत्येकाची परीक्षा, पूर्ण व्हायला वर्षं लागतात. अमेरिकेत उन्हाळी शिबिरांची पद्धत आहे. तिथलं पहिलं शिबिर विस्कॉन्सिनमधल्या स्टीव्हन्स पॉइंटला १९७१ साली भरलं. एक पुस्तक शिकायचं, घरी येऊन वर्ष-दीड वर्ष शिकवायचं, मगच दुसरं. तुझ्या पैशाचा हिशेब तसा मांड.

आणि सुझुकी ही एकच वाट आहे असं नाही. तू गाणं शिकलेली आहेस, तर गाण्यातून संगीत शिकवायच्या हंगेरीतल्या कोडाय पद्धतीची माहिती जरूर काढ. त्यांचं केंद्र केच्केमेत गावी आहे. त्यांचा 'दो' आपल्या 'सा'सारखाच, हवा तिथे धरता येतो. त्याच मुळातून सिल्वाय बंधूंनी हेलसिंकीत व्हायोलिन आणि चेलोच्या मुलांसाठी कलरस्ट्रिंग्ज पद्धत बसवली, तिच्यात प्रत्येक तारेला एक रंग असतो. मी ती वर्गात बसून पाहिलेली नाही, पण आज सत्तावीस वर्षांची असते तर हेलसिंकीचं तिकीट आधी काढलं असतं.

एक दुखरी गोष्ट सांगते, म्हणजे तू सावध राहशील. इंग्लंडच्या आदल्या वर्षी मी एका मध्यस्थाला चाळीस हजार रुपये भरले होते. आठ दिवसांचा कोर्स, छापील प्रमाणपत्र, फोटो. बारकाईनं विचारल्यावर कळलं की त्या आठ दिवसांत एकही मूल वर्गात येणार नव्हतं. मी जायचं रद्द केलं, पैसे गेले ते गेलेच. म्हणून भरण्याआधी लेखी विचार : प्रशिक्षकाला सुझुकी संघटनेची मान्यता आहे का? (आंतरराष्ट्रीय संघटना १९८३ पासून आहे, तिच्या खाली वेगवेगळ्या प्रदेशांच्या संघटना आहेत.) खरी मुलं समोर शिकताना दिसतील का? आणि मी शिकवत असताना कुणी मला बघेल का? तिसऱ्या प्रश्नाला 'नाही' आलं तर ते प्रशिक्षण नाही, सहल आहे.

व्हायोलिन विमानात सामानात टाकू नकोस. पूर्ण मापाची पेटी हातातल्या बॅगेच्या ठरलेल्या मापापेक्षा लांब असते, म्हणून एअरलाइनकडून आधी लेखी परवानगी घे आणि छापून जवळ ठेव. गज जुना असेल तर त्याच्या टोकाला हस्तिदंत नाही ना, ते कारागिराला दाखवून घे. हस्तिदंतावरून सीमेवर गज अडकू शकतो.

गुरुजींना न सांगता जाऊ नकोस.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. वाशीला एका क्लासला घातलं आहे, तिथल्या मॅडम परदेशातून सुझुकी पद्धत शिकून आल्या आहेत. दोन महिने होत आले, मुलीला अजून व्हायोलिन दिलेलं नाही. खोक्याला फूटपट्टी चिकटवून तेच खांद्यावर धरायला लावतात. उलट मलाच व्हायोलिन घेऊन पहिलं गाणं शिका म्हणतात. फी पूर्ण घेतात. यात फसवणूक तर नाही ना?
– एक पालक, खारघर

उत्तर : नाही. तुमच्या मॅडम नियमानं चालल्या आहेत. खोकं पडलं तर मूल घाबरत नाही, उचलून पुन्हा धरतं. मान, खांदा आणि उभं राहणं तेवढ्या काळात सवयीचं होतं. तुम्ही शिकायचं यासाठी की घरी रोज तुम्हीच तिच्याबरोबर असणार. आठवड्यातला अर्धा तास मॅडमचा, बाकीचे सहा दिवस तुमचे. आणि तुम्ही रोज एक वस्तू घेऊन मजेत काहीतरी करताय हे बघितलं की ती स्वतःच मागायला येते. ती मागेपर्यंत थांबायचं असतं. तुम्ही स्वतः गज धरून बघितलात की तिला "किती सोपं आहे" असं कधीच म्हणणार नाही, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

तरी खोकं किती दिवस, हे मॅडमना सरळ विचारा. चांगल्या शिक्षिकेकडे उत्तर असतं : अमुक जमलं की देईन. नुसतंच "वेळ लागेल" म्हणाल्या तर पुन्हा विचारा.

व्हायोलिन घ्याल तेव्हा वयावर जाऊ नका, हातावर जा. ते तिच्या खांद्यावर ठेवून डावा हात सरळ पुढे करायला सांगा. व्हायोलिनच्या डोक्याला बोटांनी सहज कवेत घेता आलं तर माप बरोबर. साडेचार वर्षांना बहुधा १/१० किंवा १/८ लागतं, आणि वर्ष-दीड वर्षात पुढचं. म्हणून भाड्यानं किंवा क्लासमधल्या मोठ्या मुलाचं वापरलेलं मिळालं तर तेच घ्या. पावसाळ्यात खारघरच्या दमटपणात खुंट्या फुगून अडकतात, जबरदस्तीनं पिळू नका. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाजवून झालं की गजाचे केस सैल करा, आणि गाडीत बंद करून ठेवू नका, उन्हानं सांधे सुटतात.

प्रश्न : मी बहात्तर वर्षांची आजी. नातू पाच वर्षांचा आहे, व्हायोलिनला जातो. बाई म्हणतात दर धड्याला कुणीतरी मोठ्यांनी वर्गात बसावं. सून ठाण्याहून फोर्टला नोकरीला जाते, घरी यायला आठ वाजतात. मी बसले तर चालेल का? मला भजनं येतात, पण ते इंग्रजी संगीत कळत नाही.
– नौपाडा, ठाणे

उत्तर : चालेल, उत्तम चालेल. माझ्याकडे आज सहा आज्या आणि एक आजोबा येतात. वहीत एकच गोष्ट लिहून न्यायची : या आठवड्यात बाईंनी कशाकडे लक्ष द्यायला सांगितलं. अंगठा असेल तर अंगठाच. बाकी चुका दिसल्या तरी बोलायचं नाही, हे आज्यांना जड जातं, पण तेवढं करा. त्याच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग रोज लावा, भाजी निवडताना, तो खेळत असताना, हळू आवाजात. त्यानं मुद्दाम बसून ऐकायची गरज नाही, कानावर पडलं पाहिजे. चाल तुमच्याही ओठांवर येईलच, तेव्हा सा-रे-ग-म लावून गुणगुणा, त्याला तेच हवं आहे. सुनेला रात्री आल्यावर पाच मिनिटांची मैफल द्या : तो वाजवेल आणि ती फक्त ऐकेल, काही दुरुस्त करणार नाही.

आणि वर्गात सतरंजी असेल तरी बाईंकडून खुर्ची मागून घ्या. अर्धा तास खाली बसून गुडघे धरले तर पुढच्या आठवड्याला तुम्ही याल कशा?